एकच बंध, दोन आजार



विषय अवघड असला तरी चालेल, पण तो अर्धवट सोपा करून सांगू नका, असं संयोजकांनी मला कळवलं होतं. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो त्यांचे विद्यार्थी सांगतात की सरांनीही हीच अट घातली असती. तेव्हा आज थोडं रसायनशास्त्र होईल, काही क्रमांक येतील, अमिनो आम्लांची नावं येतील. सुरुवात मात्र इतिहासातल्या एका बाटलीपासून करू.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचण्याचं काम चालू होतं. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून गेली होती आणि प्रयोगशाळेचे प्रमुख होते वाल्डेमार हाफकिन. त्या दिवशी १०७ जणांनी लस घेतली. त्यांतल्या ज्या १९ जणांना '५३-एन' क्रमांकाच्या बाटलीतून टोचलं गेलं, त्यांना काही दिवसांतच धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. बाकीच्यांना काहीही झालं नाही. चौकशी बसली, ठपका परळवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, या गोष्टीला योग्य ते वजन मिळायला बराच काळ गेला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या त्याच संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं.

या प्रकरणातल्या माणसांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला बोलायचं आहे ते बाटलीतल्या जिवाणूविषयी. क्लॉस्ट्रिडियम टेटनी हा मातीत राहणारा जिवाणू विष तयार करतो, हे १९०२ मध्ये ठाऊक होतं. कितासातो शिबासाबुरो यांनी १८८९ मध्ये बर्लिनला तो शुद्ध स्वरूपात वाढवला होता. पुढच्याच वर्षी एमिल फॉन बेरिंग आणि त्यांनी मिळून त्या विषावर उतारा ठरणारा रक्तरस तयार केला होता. पण ते विष शरीरात शिरून नेमकं काय करतं? याचं उत्तर यायला १९९२ साल उजाडलं. इटलीत पादुआ विद्यापीठातल्या जांपिएत्रो स्किआव्हो आणि चेझारे मोंतेकुक्को यांच्या गटाने दाखवून दिलं की ते विष म्हणजे एक विकर आहे. ते चेतापेशीत शिरतं, तिथल्या असंख्य प्रथिनांपैकी एकच प्रथिन निवडतं आणि त्यातला एकच बंध तोडतं. मुल्कोवालच्या त्या १९ माणसांचा जीव या एका बंधापायी गेला.

रोगकारक जिवाणू प्रथिनं तोडणारी विकरं बाहेर सोडतात, हे पाठ्यपुस्तकात असतं. ते वाचून आपल्या मनात येतं ते सरसकट नासधुशीचं चित्र. आज मला सांगायचं आहे ते असं: अशा विकराची खरी ताकद त्याच्या निवडीत असते. ही निवड तीन पायऱ्यांनी होते. विकराला कोणता बंध चालतो, ते लक्ष्याला कुठे धरतं, आणि ते शरीरात कुठवर पोचतं. या तिन्ही पायऱ्या एकत्र पाहिल्याशिवाय आजार समजत नाही आणि त्याच्यावरचा उपायही सापडत नाही.

पहिली पायरी: बंध

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. वीस प्रकारचे मणी, आणि दर दोन मण्यांमध्ये एक पेप्टाइड बंध. रसायनाच्या दृष्टीने हे सगळे बंध जवळपास सारखे असतात, मग विकराला एक बंध दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा वाटतो? तर त्याच्या शेजाऱ्यांमुळे. आपल्या आतड्यातलं ट्रिप्सिन आर्जिनिन किंवा लायसिन या धनभारित आम्लांच्या लगेच पुढे तोडतं, कारण त्याच्या पोटात एक खोलगट खाच असते आणि तिच्या तळाशी ऋणभार असतो. पपईच्या चिकातलं पपेन मात्र एकाच शेजाऱ्यावर भागवत नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत श्खेश्टर आणि बर्गर यांनी १९६७ मध्ये पपेनचा अभ्यास करताना दाखवलं की त्याच्या कार्यस्थळी सात अमिनो आम्लांना सामावणाऱ्या सात जागा आहेत. तुटणाऱ्या बंधाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आम्लांना क्रमांक देण्याची जी पद्धत त्यांनी त्या वेळी आखली, तीच आजही जगभर चालते.

ही पद्धत हाती आल्यावर जिवाणूंच्या विकरांची आवडनिवड मोजता येऊ लागली. लाखो वेगवेगळ्या लहान पेप्टाइडांचं मिश्रण घ्यायचं, त्यात विकर सोडायचं आणि काय तुटलं ते वाचायचं. घशाला आणि त्वचेला संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस या जिवाणूचं 'स्पेबी' नावाचं विकर घ्या. तुटणाऱ्या बंधाच्या अलीकडे दुसऱ्या जागी पाण्याशी फटकून वागणारं, तेलकट स्वभावाचं आम्ल असावं, एवढीच त्याची मुख्य मागणी. असा शेजार जवळपास प्रत्येक प्रथिनात कुठे ना कुठे सापडतोच. त्यामुळे स्पेबी ऊतींमधली अनेक प्रथिनं तोडतं, आणि स्वतःच्या जिवाणूच्या पृष्ठभागावरचं एम प्रथिनही सोडत नाही.

पादुआच्या विषाकडे परत येऊ. धनुर्वाताचं विष आपल्या पोटात जस्ताचा एक अणू बाळगतं आणि त्याच्या मदतीने पाण्याच्या रेणूकरवी बंध तोडतं. त्याचं लक्ष्य सिनॅप्टोब्रेव्हिन. चेतापेशीच्या टोकाशी संदेशवाहक द्रव्यांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. सिनॅप्टोब्रेव्हिन त्या पिशव्यांच्या आवरणात रोवलेलं असतं. त्याचे दोन जोडीदार, सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५, पेशीच्या पटलावर असतात. संदेश द्यायची वेळ आली की ही तिन्ही प्रथिनं पर्सची चेन लागावी तशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकमेकांत गुंतत जातात, पिशवी पटलाला चिकटते आणि आतलं द्रव्य बाहेर पडतं. पेशींमधल्या या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडहॉफ यांना २०१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. विष या यंत्रणेतल्या सिनॅप्टोब्रेव्हिनवर घाव घालतं, तो ७६ व्या ग्लुटामिन आणि ७७ व्या फेनिलअ‍ॅलानिनमधल्या बंधावर. चेन एकदा पुरती लागली की विषाला तो बंध गाठता येत नाही. प्रथिनं मोकळी असतात तेवढ्याच अवधीत त्याचं काम होतं.

शेजाऱ्याचं महत्त्व किती, हे उंदराच्या मोठ्या भावाने, म्हणजे घुशीच्या कुळातल्या प्रयोगशाळेतल्या रॅटने दाखवून दिलं. रॅटमध्ये सिनॅप्टोब्रेव्हिनचे दोन प्रकार आहेत. त्यांतल्या पहिल्या प्रकारात ग्लुटामिनच्या जागी व्हॅलिन आहे. एवढ्या एका बदलामुळे धनुर्वाताचं विष ते प्रथिन तोडू शकत नाही. रॅट धनुर्वाताला माणसाइतका बळी पडत नाही, याच्या मुळाशी हा एक मणी आहे.

दुसरी पायरी: पकड

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. पण केवळ बंधाच्या शेजारावर निवड ठरत असती, तर त्या बंधाभोवतीचा आठदहा आम्लांचा तुकडा प्रयोगशाळेत तयार करून विकरापुढे ठेवला की तो पटकन तुटायला हवा. स्पेबीच्या बाबतीत तसं होतं. बोट्युलिझमच्या विषाच्या बाबतीत होत नाही.

बोट्युलिझमचा जिवाणू धनुर्वाताच्या जिवाणूचा सख्खा नातलग. हवाबंद राहिलेल्या, नीट न शिजलेल्या अन्नात तो वाढतो. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एल्झेल गावातल्या वादकांना खारवलेल्या हॅममधून झालेल्या विषबाधेचा तपास करताना एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांना तो सापडला. त्याच्या विषाचे ए, बी, सी असे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची निवड वेगळी. बी, डी, एफ, जी हे प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतात, पण प्रत्येकाचा बंध निराळा. ए आणि ई स्नॅप-२५ तोडतात. सी हा प्रकार सिन्टॅक्सिनही तोडतो आणि स्नॅप-२५ सुद्धा. स्नॅप-२५ मध्ये २०६ अमिनो आम्लं असतात. ए प्रकार त्याच्या शेपटाची शेवटची ९ काढून टाकतो, ई प्रकार शेवटची २६. नऊ आम्लांची शेपटी गेली तरी स्नायूला मिळणारा संदेश थांबतो.

आता या ए प्रकारापुढे स्नॅप-२५ मधला बंधाभोवतीचा लहानसा तुकडा ठेवला तर विष जेमतेम काम करतं. त्याला प्रथिनाचा लांबलचक भाग लागतो. का, ते २००४ मध्ये ब्रायडनबाख आणि ब्रुंगर यांनी विकर आणि लक्ष्य एकत्र स्फटिकात बांधून दाखवलं. स्नॅप-२५ विकराभोवती वेटोळं घालून बसतं. बंध जिथे तुटतो तिथून बऱ्याच लांब, विकराच्या पाठीवर, लक्ष्याला धरणाऱ्या वेगळ्या जागा आहेत. आधी तिथे पकड बसते, मग बंध कार्यस्थळी नेमका येऊन टेकतो. म्हणजे बंधाचा शेजार ओळखणं हे शेवटचं काम. खरी पारख त्याच्या आधीच होऊन गेलेली असते.

या पायरीचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र चेतापेशीचं नाही, तान्ह्या बाळाच्या त्वचेचं आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूमुळे काही नवजात बाळांची त्वचा भाजल्यासारखी सुटून येते. प्राग इथल्या रिटर फॉन रिटर्सहाइन यांनी १८७८ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १९७० मध्ये मेलिश आणि ग्लासगो यांनी तो उंदरांच्या पिल्लांमध्ये घडवून दाखवला आणि त्यामागे जिवाणूचं विष आहे हे पक्कं झालं. त्या विषाची रचना ट्रिप्सिनच्या घराण्यातली निघाली, म्हणजे ते प्रथिन तोडणारं विकर असणार, हे उघड होतं. पण काय तोडतं? नेहमीची चाचणीद्रव्यं समोर ठेवली तर ते जवळपास हातच लावत नसे. हा गुंता २००० साली सुटला. अमागाई, स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते डेस्मोग्लीन-१ हे एकच प्रथिन तोडतं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवण्याचं काम हे प्रथिन करतं. पुढे कळलं की ते ३८१ व्या ग्लुटामिक आम्लानंतर तोडतं. पण गंमत पाहा: कॅल्शियम काढून घेऊन डेस्मोग्लीनची घडी मोडली, तर माळ तीच, ग्लुटामिक आम्ल तेच, शेजारी तेच असूनही विकर त्याला शिवत नाही. त्याला माळ नको, घडी हवी. डेस्मोग्लीन-३ हे जवळचं भावंड ते तोडत नाही. तोंडाच्या आतल्या अस्तरात हे भावंड भरपूर असल्याने त्वचा सुटली तरी तोंडाचा आतला भाग शाबूत राहतो. डॉक्टरला बाळ तपासताना जे दिसतं, ते विकराच्या आवडीचा नकाशाच असतो.

याच जिवाणूचं आणखी एक विकर आहे, व्ही-८. तेही ग्लुटामिक आम्लानंतरच तोडतं. पहिल्या पायरीवर दोन्ही सारखीच. पण व्ही-८ घडीची पर्वा करत नाही, म्हणून प्रयोगशाळांमध्ये प्रथिनांचे तुकडे पाडायला ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. २०२३ मध्ये कळलं की व्ही-८ त्वचेतल्या चेतातंतूंवरचा 'पार-१' हा ग्राहक तोडून चालू करतं आणि त्यातून खाज सुटते. रक्त साकळू नये म्हणून दिलं जाणारं, पार-१ ला रोखणारं एक औषध उंदरांना दिल्यावर त्यांचं खाजवणं कमी झालं.

निवड किती टोकाची असू शकते, हे प्रतिपिंडांवर चालणाऱ्या विकरांमध्ये दिसतं. परमा आणि मेंदूज्वराचे नायसेरिया जिवाणू आपल्या श्लेष्मल त्वचेवरचं आयजीए-१ हे प्रतिपिंड तोडतात. या प्रतिपिंडाच्या दोन भागांना जोडणारा एक लवचीक सांधा असतो. त्यात प्रोलिन, सेरिन, थ्रिओनिन पुन्हा पुन्हा येतात. विकर तिथे, प्रोलिननंतर तोडतं. आयजीए-२ मध्ये त्या सांध्यातली १३ आम्लं मुळातच नाहीत, म्हणून ते सुटतं. बहुतेक प्राण्यांचं आयजीए तर या विकराच्या कामाचंच नाही. माणूस, चिंपांझी, गोरिला एवढ्यांचंच त्याला चालतं. हे विकर जिवाणूच्या बाह्यपटलातून बाहेर पडतं तेव्हा तिथेच अडकलेलं असतं आणि स्वतःलाच तोडून मोकळं होतं, हे १९८७ मध्ये दिसून आलं. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस स्पेबीखेरीज 'आयडीईएस' नावाचं आणखी एक विकर सोडतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००२ मध्ये त्याचं वर्णन झालं. ते फक्त आयजीजी प्रतिपिंड तोडतं, सांध्याच्या खालच्या बाजूला, २३६ आणि २३७ व्या ग्लायसिनच्या मधोमध. एकाच जिवाणूच्या पोतडीत एक विकर मिळेल ते तोडणारं आणि दुसरं एका प्रथिनापलीकडे ढुंकूनही न पाहणारं.

तिसरी पायरी: जागा

आता शीर्षकाकडे. मघा मी म्हटलं की बोट्युलिझमच्या विषाचा बी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतो. कोणता बंध? ७६ वं ग्लुटामिन आणि ७७ वं फेनिलअ‍ॅलानिन यांच्यामधला. हुबेहूब तोच, जो धनुर्वाताचं विष तोडतं. प्रथिन तेच, बंध तोच, जस्ताच्या मदतीने तोडण्याची रीतही तीच. आणि आजार? धनुर्वातात जबडा घट्ट मिटतो, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते, आवाजानेसुद्धा झटके येतात. बोट्युलिझममध्ये पापण्या लोंबतात, गिळता येत नाही, स्नायू ढिले पडत जातात आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात. एकात शरीर ताठ, दुसऱ्यात लुळं.

फरक आहे तो विष कुठे जाऊन काम करतं याचा. बोट्युलिझमचं विष चेतातंतूच्या टोकाशी, स्नायूला लागून असलेल्या जागीच पेशीत शिरतं आणि तिथेच काम करतं. स्नायूला 'आकस' असं सांगणारी द्रव्यं बाहेर पडेनाशी होतात. धनुर्वाताचं विषही त्याच टोकाशी आत शिरतं, पण तिथे थांबत नाही. चेतातंतूच्या आतून ते उलटा प्रवास करत मज्जारज्जूपर्यंत जातं, तिथे बाहेर पडून शेजारच्या, स्नायूंना आवरून धरणाऱ्या चेतापेशींमध्ये शिरतं आणि मग आपला बंध तोडतं. आवर घालणारा संदेश बंद झाला की स्नायू बेलगाम आकसत राहतात. अवघ्या प्रवासाच्या फरकाने एकाच रासायनिक क्रियेतून दोन उलटे आजार उभे राहतात. दोन्ही विषांची ताकद अशी की शरीराच्या दर किलो वजनामागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, प्राणघातक ठरतात. कारण उघड आहे: विकर झिजत नाही. एक रेणू एक बंध तोडून पुढच्याकडे वळतो.

प्लेगमध्येही हेच दिसतं, आणि प्लेगशी मुंबई-पुण्याचं नातं १८९६-९७ पासूनचं आहे. प्लेगच्या जिवाणूचं 'पीएलए' हे विकर खरं तर बाहेर सोडलं जात नाही, ते त्याच्या बाह्यपटलात रोवलेलं असतं. पण निवडीचा धडा तोच. आपल्या रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं झोपलेलं विकर असतं. शरीर त्याचा एक बंध, ५६१ वं आर्जिनिन आणि ५६२ वं व्हॅलिन यांच्यातला, तोडून त्याला जागं करतं आणि रक्ताच्या गुठळ्या विरघळवतं. पीएलए नेमका तोच बंध तोडतं. गुठळीत अडकून पडण्याऐवजी जिवाणू वाट मोकळी करून पसरतो. पीएलए नसलेला जिवाणू उंदराच्या त्वचेखाली टोचला तर प्राणघातक मात्रा सुमारे दहा लाख पटींनी वाढते, हे १९९२ मध्येच दिसलं होतं. २०१५ मध्ये आणखी कळलं: प्लेगच्या जिवाणूच्या जुन्या शाखांमध्ये या विकराच्या २५९ व्या जागी आयसोल्युसिन आहे, आधुनिक शाखांमध्ये थ्रिओनिन. फुप्फुसाचा प्लेग जुन्या रूपानेही होतो. पण गाठीच्या प्लेगमध्ये जिवाणूला शरीरभर पसरायला मदत झाली ती या बदलाने. गाठीच्या प्लेगने गावंच्या गावं ओस पाडली, त्यामागे इतर कारणांबरोबर या एका मण्याचाही हात आहे.

निवडीची दुसरी बाजू

निवडक असण्याची किंमतही असते. काळपुळीचा जिवाणू 'मारक घटक' नावाचं विकर सोडतो. १९९८ मध्ये समजलं की ते एमएपी-कायनेज-कायनेज या घराण्यातल्या प्रथिनांची सुरुवातीची टोकं छाटतं. पेशीतला संदेश एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो याच टोकाला धरून. टोक गेलं की संदेश तुटतो आणि प्रतिकारपेशी आंधळ्या होतात. या विकराला अलीकडे धनभारित आणि पलीकडे तेलकट आम्ल लागतं, हे पेप्टाइडांच्या मिश्रणातून ठरवलं गेलं.

आता उंदराची करामत बघा. उंदराच्या काही जातींमध्ये एनएलआरपी-१बी हे प्रथिन असतं. मारक घटक त्याचाही एक बंध तोडतो. पण तुटल्यावर त्याच्या पुढच्या भागाची पेशी विल्हेवाट लावते, मागचा तुकडा मोकळा होतो आणि तोच धोक्याची घंटा वाजवतो. पेशी स्वतःला फोडून घेते आणि दाह सुरू होतो. ही यंत्रणा २०१९ मध्ये स्पष्ट झाली. म्हणजे पेशीने जिवाणूच्या आवडीचा बंध मुद्दाम समोर मांडून ठेवला आणि तो तुटला की इशारा मिळण्याची सोय केली. माणसाच्या एनएलआरपी-१ ला काळपुळीचं विकर तोडत नाही. मात्र एंटेरोविषाणूंचं एक विकर तोडतं आणि आपल्याकडे तेच इशारा ठरतं, हे २०२० मध्ये दिसलं. स्पेबीच्या बाबतीतही असंच घडतं. त्वचेच्या पेशींमधलं गॅसडर्मिन-ए हे प्रथिन स्पेबी तोडतं आणि त्यामुळे पेशी फुटून शरीर सावध होतं, हे २०२२ मध्ये दोन गटांनी दाखवलं.

हेच माणसानेही केलं, जरा उशिरा. पेशीने आवडीचा सापळा केला, आपण त्याचं औषध आणि चाचणी केली. अ‍ॅलन स्कॉट यांनी डोळ्यांचा तिरळेपणा घालवण्यासाठी बोट्युलिझमच्या ए प्रकाराचा वापर सुरू केला आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. सुरकुत्यांसाठीची मान्यता नंतरची, २००२ ची. अत्यल्प मात्रा, एकाच स्नायूत, एकाच प्रथिनावर. लुंडच्या आयडीईएसपासून तयार केलेल्या औषधाला ऑगस्ट २०२० मध्ये युरोपात सशर्त मान्यता मिळाली. ज्या रुग्णाच्या रक्तात दात्याच्या मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिपिंडं भरलेली आहेत, त्याची आयजीजी काही तासांत तोडून टाकायची आणि ती पुन्हा तयार होण्याआधी प्रत्यारोपण करायचं, असा त्यामागचा विचार. चाचण्यांचंही तसंच. अन्नात बोट्युलिझमचं विष आहे का हे पाहायला पूर्वी उंदीरच टोचावे लागत. आता प्रत्येक प्रकाराच्या आवडीचा पेप्टाइड नमुन्यात टाकून तो कुठे तुटला हे वस्तुमान-वर्णपटमापकाने वाचता येतं. बंधावरून प्रकार ओळखू येतो.

२०२१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड लिऊ यांच्या गटाने तर आवडच बदलली. जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या मदतीने बोट्युलिझमच्या विकरांची त्यांनी वेगाने उत्क्रांती घडवली आणि मूळ लक्ष्य सोडून वेगळीच प्रथिनं तोडणारी रूपं मिळवली. चेतापेशीत शिरण्याची मूळ विषाची क्षमता आणि नवी, आपण ठरवलेली निवड यांची सांगड घातली तर आज औषध पोचत नाही अशा पेशीच्या आतल्या प्रथिनांपर्यंत पोचता येईल, अशी त्यामागची आशा आहे. ती रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला वेळ लागेल.

आपल्या हाती काय

इतकं कळूनही एक गोष्ट तशीच आहे. विष चेतापेशीत शिरून बंध तोडू लागलं की ते तिथल्या तिथे रोखणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. बंधाची पायरी आपल्याला ठाऊक आहे, पकडीची ठाऊक आहे, पण इलाज चालतो तो तिसऱ्या पायरीवर, प्रवासावर. धनुर्वाताची लस विकराचं काम थांबवत नाही; लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडं विषाला चेतापेशीत शिरण्याआधी गाठतात. बोट्युलिझमवरचा रक्तरस लवकर द्यावा लागतो तोही याचसाठी.

धनुर्वाताबाबत आणखी दोन गोष्टी आपल्या वागण्याशी थेट जोडलेल्या आहेत. एक म्हणजे, विष इतक्या कमी मात्रेत जीव घेतं की ते शरीराच्या संरक्षणयंत्रणेच्या पुरतं लक्षातही येत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला पुन्हा तो होऊ शकतो आणि बरं झाल्यावरही त्याला लस घ्यावीच लागते. दुसरी म्हणजे, हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, मातीतून होतो. त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपलं रक्षण होत नाही. बाळाची नाळ स्वच्छ साधनाने कापणं, तिच्यावर शेण किंवा राख न लावणं आणि गरोदर मातांचं लसीकरण यांच्या बळावर भारतात माता आणि नवजात बाळांमधला धनुर्वात २०१५ मध्ये दुर्मिळ म्हणावा इतका कमी झाल्याची पडताळणी झाली. पण माती आहे तिथेच आहे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं इंजेक्शन शाळेत चुकवलेली मुलं आपल्या घरात आहेत, आणि शेवटची लस कधी घेतली हे न आठवणारे प्रौढही या सभागृहात असतील. त्यांनी उद्या सकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात जावं, एवढं मागणं करून मी थांबतो. आता प्रश्न विचारा.